बाभळीला बांधलेलं फडकं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लोटनदादाला नाही, आणि देवापुढं हात जोडतानासुद्धा मनातल्या मनात या गोष्टीजवळ पोचलो की पुढची ओळ म्हणून टाकली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे हेही एक लपणंच झालं — मला कळतं ते. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी ना?

मी बुऱ्हाणपूरचा. तापीच्या काठावर आमची चौकी आहे, नदीत हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकाची. सव्वीस वर्षं झाली या नोकरीला. पाटीवर 'बचाव' असं लिहिलंय. पण आम्ही पोचतो तेव्हा बहुतेक वेळा वाचवायचं काही उरलेलं नसतं. माणूस शोधायचा, काठावर आणायचा, घरच्यांच्या ताब्यात द्यायचा. लोकांना वाटतं हे फार अभद्र काम. मला कधी तसं वाटलं नाही. काठावर बसलेल्या माणसांना एकच गोष्ट हवी असते — कळायला हवं. ते एकदा कळलं की रडता येतं, चिता रचता येते, घरी जाता येतं. आम्ही ते 'कळणं' आणून देतो, एवढंच आमचं काम. हे मी नव्या भरतीला दरवर्षी सांगतो. त्यांना वाटतं, मास्तर काय छान बोलतात.

कामाची पद्धत आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. सिलिंडर वगैरे आता आले. तेव्हा दम धरूनच उतरायचो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी, आणि काठावर नाहीतर होडीत एकजण तीच दोरी हातात धरून बसलेला. दोरीला एक झटका दिला की — ठीक आहे, ढील दे. दोन झटके — सापडलं. तीन — मला वर ओढ. बाकी खाली बोलायला काही नसतं, दिसायला तर नाहीच. पावसाळ्यानंतरचं तापीचं पाणी म्हणजे ढवळलेला चहा. डोळे उघडे ठेवा की मिटा, सारखंच.

आणि एक नियम. ज्याच्या हाताला लागला, त्यानंच वर येऊन दम घ्यायचा आणि दुसरी दोरी घेऊन परत खाली जायचं, बांधायला. दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही, कारण अंधारात ती जागा फक्त त्याच्याच हाताला ठाऊक असते.

हा नियम लक्षात ठेवा. सगळं त्याच्यापाशीच येतं.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले होते. विसर्जनाच्या बंदोबस्तानं आम्ही सगळे पार थकलेलो. सकाळी निरोप आला — शहराच्या वरच्या अंगाला, केळीच्या बागांमागं जो डोह आहे, तिथं काठावर एक सायकल उभी आहे. चपला आहेत, जेवणाचा डबा आहे, केळीचे घड कापायचा विळा आहे. माणूस नाही. माणूस जसोंडीचा, सुपडू नावाचा. बागेत घड कापायला येत असे. केळीचा चीक अंगावर, कपड्यांवर पडतो, काळे डाग पडतात, ते सहज निघत नाहीत. म्हणून काम संपलं की हे लोक नदीवर उतरतात. आदल्या दिवशी दुपारी तोही उतरला असणार. पण त्याला पाण्यात जाताना कुणी पाहिलं नव्हतं.

त्याची बायको शोभाताई आमच्या आधीच येऊन बसली होती. सहाएक वर्षांची मुलगी मांडीवर. रडत नव्हती. आम्ही होडी उतरवत होतो तर ती उठून उभी राहिली, जसं काही आमच्यासाठी उभं राहायला हवं.

लोटनदादानं तिला विचारलं. लोटनदादा म्हणजे माझी दोरी धरणारा — माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बारा वर्षं आमची जोडी. शोध सुरू करण्याआधी आम्ही घरच्यांना खूण विचारतोच.

"बाई, अंगावर काही खूण?"

"उजव्या पायात तांब्याचं कडं हाय भाऊ," ती म्हणाली. "पाय दुखे त्यांचा. मीच घातलेलं."

मला पथकात 'मगर' म्हणायचे. इतका वेळ दम धरणारा दुसरा कुणी नव्हता. उतरण्याआधी लोटनदादा नेहमीचं बोलला, "मगर, पान थुंक आधी. मासे लाल व्हतीन नदीतले." मी थुंकलो, हसलो, उतरलो. तीन बुड्या रिकाम्या गेल्या. तळाशी दोन दिवसांपूर्वीचे गणपतीचे पाट पडलेले, बांबूचे तुकडे, हारांच्या दोऱ्या. हात त्यातून चालवत जायचं. बोटांना सवय असते — हे लाकूड, हे गवत, हा दगड.

चौथ्या बुडीत माझ्या हाताला पाय लागला.

मी आत्तापर्यंत हे वाक्य कागदावर कधी लिहिलं नव्हतं. लिहिलं, आणि काही झालं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालूच आहे.

पाय लागला. मी हात खाली सरकवला, घोट्यापर्यंत, आणि बोटं कड्यावरून फिरली. थंड, गोल, एका जागी जोड असलेलं. म्हणजे दगड होता का, लाकूड होतं का, भास होता का — असलं काही म्हणायला मी स्वतःला जागाच ठेवलेली नाही. तो सुपडू होता. मला माहीत होतं.

मग काय झालं? खरं सांगायचं तर फार काही झालं नाही. खाली थोडी धार होती, तिनं तो हलला. त्याची लुंगी, नाहीतर जे काही कापड होतं ते, माझ्या मनगटाला गुंडाळलं गेलं. मी हात ओढला तर तोही माझ्याबरोबर आला. बस. धारेनं आला, हे मला आज कळतं, तेव्हाही कुठंतरी कळत होतं. पण त्या अंधारात मला वाटलं — यानं मला धरलंय. बारा वर्षं नोकरी झालेल्या, कितीतरी प्रेतं बाहेर काढलेल्या माणसाला असं वाटावं? वाटलं. छातीत हवा उरली नव्हती. मी कापड ओरबाडून सोडवलं आणि दोरीला झटके दिले.

तीन. दोन नाही.

इथवर ती भीती होती. भीती कुणालाही वाटते. इथवरचं असतं तर मी कदाचित कधीच सांगून टाकलं असतं, चहा पिता पिता. लोटनदादा दोन शिव्या घालून हसलाही असता.

मी वर आलो, होडीच्या कडेला धरून श्वास घेतला. लोटनदादा वाकून माझ्याकडं बघत होता.

"काय रे? दोरी जड लागली मले. हाताले काही लागलं का?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? पण हो म्हटलं की परत खाली जावं लागणार होतं. मलाच. त्या पायाजवळ, त्या कापडाजवळ, दोरी घेऊन, दोन्ही हातांनी गाठ मारायला. मी काठाकडं पाहिलं. ती उभीच होती. मुलगी तिच्या पदराशी खेळत होती. हे सगळं मला दिसत होतं, हे मुद्दाम सांगतो. मी तिला बघत असतानाच बोललो.

"पाट, दादा. गणपतीचा पाट. खाली सगळे पाटच हायेत."

देवाच्या पाटावर ढकललं मी.

"पाट?" तो म्हणाला. दोरी त्यानं हातात जराशी तोलून पाहिली — असं मला आठवतं, की हे मी मागाहून जोडलंय, सांगता येत नाही. मग म्हणाला, "बरं."

काठावरून आमच्या पथकाच्या साहेबांनी ओरडून विचारलं, "यहाँ का हो गया ना? पक्का?"

"हो साहेब. रिकामा आहे."

मला वाटलं होतं, दम खाऊ थोडा. विडी ओढू. ती संपली की म्हणू — साहेब, एकदा परत बघतो, त्या कोपऱ्यात मनासारखं पाहणं झालं नाही. असं म्हणायला काय लागत होतं? कुणी विचारलंही नसतं. पण आमच्यात आणखी एक रीत आहे. जी जागा शोधून झाली, तिथं काठावरच्या झाडाला लाल फडकं बांधायचं. म्हणजे दुसरी तुकडी आली तर तिनं तिथं वेळ घालवू नये. आणि ते फडकं बांधतो जो तळाला जाऊन आला तो. साहेबांनी फडकं माझ्या हातात दिलं. काठावर एक बाभूळ होती. मी गेलो आणि तिला ते बांधलं. दोन गाठी मारल्या. जी गाठ त्याच्या पायाला मारायची होती ती मी तिथं मारली, कोरड्या जमिनीवर उभं राहून.

शोभाताई माझ्या मागं चारपाच पावलांवर होती. तिनं फडक्याकडं बघून विचारलं, "हे कशाचं, भाऊ?"

मी म्हटलं, "इथं नाहीत ते, ताई."

आणि तिच्या चेहऱ्यावर — कसं सांगू — उजेड पडला.

दुपारी आम्ही खालच्या अंगाला सरकलो. दुसरी तुकडी आली, तिनं बाभळीवरचं फडकं पाहिलं आणि डोहाला वळसा घालून पुढं गेली. त्यांची काय चूक? संध्याकाळी वर कुठंतरी मोठा पाऊस झाला आणि तापी चढली. तीन दिवस होडी घालता आली नाही. चौथ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा मीच म्हटलं, त्या डोहात परत बघू का? साहेब म्हणाले, "वहाँ तो तूनेही कपडा बाँधा था ना?" मी म्हटलं, तरी पण. लोटनदादानं दोरी उचलली. पाच वेळा उतरलो. दम फुटेपर्यंत थांबलो. पाय नव्हता. पाटसुद्धा नव्हते. नदीनं तळ झाडून नेला होता.

सुपडू कधीच सापडला नाही. बाभळीवरचं फडकं मात्र तसंच होतं. पुराचं पाणी त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मेलेला माणूस मेलेलाच राहिला, फरक काय पडला? मीही स्वतःला हेच म्हणून पाहिलं, महिनाभर. पण फरक पडला होता. सुपडू लग्नाआधी एकदा कुणाला न सांगता सुरतेला निघून गेला होता, सहा महिने. गावाला ते आठवलं. डोह तर रिकामा निघाला — पथकातल्या माणसानं सोता तळ पाह्यला म्हणे — मग माणूस गेला कुठं? गेला असंल परत सुरतेला. कुणी म्हणालं, तिथं दुसरी केलीय. सासू म्हणायला लागली, हिच्याच तोंडाला कंटाळून गेला माझा पोरगा. हे सगळं उभं होतं ते एकाच खांबावर. माझ्या शब्दावर.

महिन्याभरानं शोभाताई चौकीवर आली. एकटी. हातात पिशवी. मी बाकावर बसून दोरी गुंडाळत होतो. ती समोर खाली बसली, खुर्ची देऊनही बसली नाही खुर्चीवर.

"भाऊ, एक बात खरी सांगा. तुम्ही सोता उतरले होते ना? बराबर पाह्यलं ना सगळं?"

त्या वेळी मी पाण्यात नव्हतो. छातीत भरपूर हवा होती. बाहेर लख्ख ऊन. मनगटाला कुणाचं काही गुंडाळलेलं नव्हतं. चौकीत तिच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आधीचं खोटं भीतीचं होतं म्हणता येईल. हे कशाचं होतं? नोकरीचं? मगर या नावाचं? एकदा बांधलेलं फडकं सोडायची लाज वाटली त्याचं?

"हो ताई," मी म्हटलं. "कोपरा अन् कोपरा पाहिला. नव्हते तिथं."

ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं, आणि ते आनंदानं. म्हणाली, "मंग हायेत ते. कुठं का असेना. हायेत." पिशवीतून केळ्यांची एक फणी काढून माझ्यापुढं ठेवली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "भावाच्या घरी काय रिकाम्या हातानं येऊ?"

माझ्या कबुलीजबाबात डोह आहे, फडकं आहे, पण खरा कबुलीजबाब हा आहे. चौकीतला. दिवसाउजेडी दिलेला. त्या फणीची माझ्या बायकोनं शिकरण केली, आणि मी ती खाल्ली. घशाखाली उतरली नाही वगैरे लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. उतरली.

मग वर्षं गेली. वर्षातून एकदा तरी ती चौकीवर यायची, पोळ्याच्या आसपास. मी लपायचो नाही. लपलो असतो तर तेवढी तरी लाज शिल्लक आहे असं म्हणता आलं असतं. तिच्याकडूनच मला सगळं कळत गेलं. ती दोन वेळा फोटो घेऊन सुरतेला जाऊन आली, गिरण्यांच्या फाटकांवर उभी राहिली. सासूनं तिला घरामागचं एक खोपट वेगळं काढून दिलं. बायका तिच्या कपाळाकडं बघून म्हणायच्या, "कोनासाठी लावते गं येवढं मोठं कुंकू?" ती मला हे हसत सांगायची. अनोळखी नंबरवरून फोन आला की हातातलं काम टाकून धावायची, आणि पलीकडून कुणी विम्याबद्दल बोललं तरी शेवटपर्यंत ऐकायची — न जाणो, म्हणे.

सुपडूचं उत्तरकार्य झालं नाही. पितृपक्षात त्याच्या नावानं घास निघत नाही. जिवंत नवऱ्याच्या नावानं कोणती बाई घास काढेल? मी काढतो. आमच्या गच्चीवर, वडिलांच्या घासाशेजारी एक जास्तीचा. बायकोला वाटतं काकांचा असेल. त्यानं काही फिटत नाही हे मला ठाऊक आहे. एका वर्षी त्याला कावळा शिवला, आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली.

लोटनदादा निवृत्त झाला, नंतर आजारी पडला. मी भेटायला गेलो होतो शेवटी शेवटी. अंथरुणात हात घोंगडीबाहेर ठेवून पडला होता, दोरीनं घट्टे पडलेले ते हात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मगर, त्या दिवशी दोरी लई जड लागली होती रे मले." एवढंच. कोणत्या दिवशी, हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी म्हटलं, "दादा, औषध घेतलं का?" त्यानं तोंड भिंतीकडं केलं. तोही गेला आता.

यंदा वैशाखात शोभाताईच्या मुलीचं लग्न झालं, जसोंडीलाच. पत्रिका द्यायला ती स्वतः आली होती. मी गेलो. जाणार नव्हतो, पण बायको म्हणाली, चौदा वर्षं भाऊ म्हणते ती तुम्हाला, आणि लग्नाला जाणार नाही? मांडवात मागच्या ओळीत बसलो. रस्त्यावर रिक्षा थांबली की शोभाताई हातातलं ताट तसंच धरून तिकडं बघायची. दर वेळी. पेपरात जाहिरात दिली होती तिनं, लग्नाची तारीख घालून. आज तरी येतील, असं तिनं आजूबाजूच्या बायकांना सांगितलं असावं, कारण रिक्षा थांबली की त्याही एकमेकींकडं बघायच्या. कन्यादान चुलत्यानं केलं. शोभाताई मागं उभी होती, रस्त्याकडं तोंड करून.

जेवणं झाल्यावर मानपान सुरू झाला. पाहुण्यांना टॉवेल-टोपी देत होते. माझं नाव पुकारलं. मी उठलो नाही तर दोघांनी हाताला धरून पुढं नेलं. शोभाताईनं स्वतःच्या हातानं मला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, नारळ दिला, आणि माइक धरलेल्या माणसाला म्हणाली, "हे सांगा सगळ्यायले. हे सोता डोहात उतरले होते. यायनं तळ पाह्यला म्हनून मी आज कुंकू लावते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूनं मान फिरवली. नवरीमुलगी वाकून माझ्या पाया पडली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच हाताला तो पाय लागला होता.

तेव्हा सांगता आलं असतं का? मांडवात, मुलीच्या लग्नात? नाही. पण त्याला आता चार महिने झाले. मांडव कधीच उतरला. जसोंडीची बस चौकीवरून दिसते, दर तासाला जाते. टॉवेल आणि टोपी कपाटात आहेत, घडी न मोडलेली. काल नव्या भरतीला दोरी शिकवत होतो. एक झटका म्हणजे ठीक, म्हटलं. तीन म्हणजे वर ओढा. एकजण म्हणाला, "उस्ताद, दोन का क्या मतलब? वो तो बतायाही नहीं." मी सांगितलं.

मी अजून त्या बसमध्ये बसलेलो नाही. शोभाताईला मी एवढं सांगायचं देणं लागतो: तुमचा नवरा तुम्हाला सोडून कुठंही गेला नाही, ताई. तो त्या डोहातच होता. त्याच्या पायात तुम्ही घातलेलं कडं होतं. ते माझ्या हाताला लागलं होतं, आणि मी हात सोडला.